जागेवर कोण गेलं होतं?

१९९६ साली मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून रुजू झाले, तेव्हा आमच्या वृत्तसंपादकांची एक सवय होती. अपघात असो, पूर असो, मोर्चा असो, मोठ्या बातमीची कॉपी समोर आली की ते आधी मजकूर वाचत नसत. चष्मा कपाळावर सारून विचारत, "जागेवर कोण गेलं होतं?" उत्तरात नाव आलं की खुर्ची ओढून वाचायला बसत. "पोलिसांकडून फोनवर घेतलीय," असं सांगितलं तर बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलमात जाई. "तिकडून कुणीतरी कळवलंय," म्हटलं की कॉपी बाजूला. मग तालुक्याच्या बातमीदाराला फोन जायचा आणि तो रात्री मोटारसायकल काढायचा. डाक आवृत्ती तोवर छापून गाड्यांत चढलेली असायची. बातमी शहर आवृत्तीत लागायची, आणि जिथे घटना घडली त्याच तालुक्याला ती एक दिवस उशिरा वाचायला मिळायची. त्याची रुखरुख वाटायची, पण चुकीची बातमी वेळेवर देण्यापेक्षा हे बरं, याबद्दल डेस्कवर दुमत नव्हतं.

आज तीच घटना घडली तर दहा मिनिटांत तिची चित्रफीत माझ्या फोनवर येते. एकाच नव्हे, चार ग्रुपांवर येते. कुणी काढली, कधी काढली, कुठल्या गावची, यातलं काहीही तिच्यासोबत येत नाही.

हे पुस्तक या बदलाबद्दल आहे. लिहिणारे बहुतेक जण नावाजलेले संपादक नाहीत. तालुक्याचे बातमीदार आहेत, डेस्कवरची माणसं आहेत, फोन आणि माइक घेऊन स्वतःचं चॅनल चालवणारी मुलंमुली आहेत, पहाटे चारला गठ्ठे सोडणारे पेपरविक्रेते आहेत आणि काही नुसते वाचकही आहेत. त्यांचे लेख वाचताना मला वृत्तसंपादकांचा तो प्रश्न पानोपानी आठवत राहिला. बातमी पोचवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. बातमी मिळवण्याचा खर्च मात्र होता तिथेच आहे: एक माणूस, एक वाहन, त्याचा आख्खा दिवस, आणि नको त्या माणसाला नको तो प्रश्न विचारण्याची त्याची तयारी. गेल्या पंचवीस वर्षांत मराठी वृत्तपत्रसृष्टीला जे काही सोसावं लागलं, त्यातलं बहुतेक या दोन खर्चांच्या तफावतीतून आलं, असं माझं मत आहे.

तंत्र बदललं की वाचकही बदलतो, हे आपल्याकडे पहिल्यापासून होत आलं आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. जेमतेम विशीतल्या त्या विद्वानाला वर्गणीदार किती मिळणार होते? आठ वर्षांत, १८४० साली, 'दर्पण' बंद पडलं. त्या काळात छापील कागद परवडणारे थोडे आणि वाचता येणारे त्याहून थोडे. पुढे एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं, अशी चावडीवरची वाचनं सुरू झाली. म्हणजे समूहाने बातमी घेणं व्हॉट्सअ‍ॅपने आणलेलं नाही. फरक एवढाच की चावडीवर वाचणारा माणूस सगळ्यांना ठाऊक असायचा आणि हातातला अंक कुठला, हे दिसायचं.

आज ज्याला आपण स्थानिक बातमी म्हणतो ती मात्र बरीच पुढची गोष्ट आहे. कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. अग्रलेखांच्या त्या जमान्यात त्यांनी बाजारभाव, पाणी, रस्ते, गावातल्या घडामोडी यांना बातमीचा दर्जा दिला आणि गावोगावी बातमीदार नेमले. तोवर पत्र म्हणजे संपादकाचं मत, अशीच समजूत होती. जागेवर गेलेला माणूस हा पत्राचा कणा असतो हे मराठीत रुजलं ते तिथून. आमच्या पिढीला ही रचना आयती मिळाली, म्हणून तिची किंमत कळायला वेळ लागला.

वाचकांचे तुकडे अल्गोरिदमने पाडले असं म्हणायची रीत पडली आहे. मला ते पूर्ण पटत नाही, आणि या पुस्तकातल्या दोन लेखांशी माझा मतभेद आहे तो इथेच. तुकडे आम्हीच आधी पाडले होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ऑफसेट छपाई आली, पानं संगणकावर लागू लागली आणि जिल्हा आवृत्त्यांचं पेव फुटलं. ते वाचकांच्या भल्याचंच होतं. आपल्या गावाचं नाव पेपरात दिसतं याचा आनंद मी शेकडो पत्रांत वाचला आहे. पण त्याच वेळी बीडची बातमी बीडच्या पानात आणि लातूरची लातूरच्या पानात राहू लागली. एका जिल्ह्यात बियाण्यांची फसवणूक झाली तर शेजारच्या जिल्ह्याला ती महिनाभर कळत नसे, कारण दोन्ही बातम्या एका वाचकासमोर कधी येतच नसत. जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या या भिंती मोबाइलने घराघरांत आणि मग माणसामाणसांत नेल्या. आज एकाच घरात चार फोन असतात आणि चौघांना वेगळा महाराष्ट्र दिसतो.

मराठी दैनिकं इंटरनेटवर आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. त्या काळाबद्दल इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण ते आता कुणाच्या लक्षात नाही आणि तिथे आपलं जे नुकसान झालं ते कायमचं आहे. तेव्हा प्रत्येक दैनिकाचा फाँट वेगळा होता. संकेतस्थळावर गेलं की आधी फाँट उतरवून घ्या, संगणकात बसवा, मग वाचा. तो नसला तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसे. देवनागरीसाठी युनिकोडचं प्रमाण १९९१ पासून अस्तित्वात होतं, पण छपाईची सगळी व्यवस्था खासगी फाँटांवर उभी होती आणि संकेतस्थळ म्हणजे छापलेल्या पानाची उरलीसुरली प्रत, अशीच आमची समजूत होती. त्या चिवड्यातून शोधयंत्रांना मराठी शब्द सापडेनात. दहाएक वर्षं मराठीत रोज हजारो बातम्या इंटरनेटवर चढत होत्या, तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने मराठी जणू तिथे नव्हतीच.

युनिकोड रुळलं तेव्हा जुना मजकूर नव्या साच्यात आणण्याचं काम कोणी फारसं केलं नाही. सर्व्हर बदलले, कंपन्यांचे करार संपले, संकेतस्थळांची रूपं पालटली आणि ती पानं गेली. ग्रंथालयात बसून एकोणिसाव्या शतकातल्या 'केसरी'चे अंक चाळता येतात, पण २००२ साली आम्ही फक्त वेबसाठी लिहिलेली बातमी मला आज मिळत नाही. मी स्वतः एकदा पुराच्या जुन्या बातम्या शोधत होते. छापील फायली बांधून ठेवलेल्या सापडल्या, वाळवीने खाल्लेल्या कडांसकट. त्याच घटनेवर आम्ही रात्रभर जागून वेबवर दिलेली माहिती मात्र कुठेच नव्हती. कागद नाशवंत आणि संगणक अक्षय, असं आम्हाला वाटायचं. तसं काही नव्हतं.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या दोन वर्षांत सगळं चित्र फिरलं. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. व्हिडिओ बघणं ही चैन होती. नंतर तो दर एवढा घसरला की शेतमजुराच्या फोनवरही दिवसभर चित्रफिती चालू लागल्या. टीव्हीवरच्या मराठी वृत्तवाहिन्या तोवर दहाएक वर्षांच्या झाल्या होत्या. २०१७ च्या ऑक्टोबरात बीबीसीने मराठी सेवा सुरू केली, आणि तिला ना छापखाना लागला ना वाहिनीचा परवाना. 'बोल भिडू', 'मॅक्स महाराष्ट्र' यांसारखे मंच उभे राहिले. प्रमाण मराठीत लिहायचं की कट्ट्यावरच्या भाषेत, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवून टाकला.

यातून काय मिळालं ते मी आधी मोकळेपणाने सांगते. लासलगावच्या कांद्याचा भाव पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायचा. म्हणजे शेतकऱ्याने ट्रॅक्टर भरायचा तो कालच्या भावावर. आता लिलाव चालू असतानाच भाव फोनवर येतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला. गावोगावी पेपर पोचण्याआधी शेतकऱ्याला बातमी कळलेली होती आणि आपल्यासारखेच आणखी किती जण चिडले आहेत हेही कळलेलं होतं. हे बळ लहान नाही.

दुसरं बळ त्याहून मोठं. १९२० च्या ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं, कारण तेव्हाच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा नव्हती. आपलं म्हणणं मांडायला छापखाना, कागद, पैसा उभा करावा लागे आणि तो जमवतानाच चळवळीतली पत्रं दमत. आज पारधी वस्तीवरची, ऊसतोडीच्या फडावरची मुलगी फोन उभा धरून आपल्या वस्तीची गोष्ट सांगते आणि ती लाखांनी पाहिली जाते. तिला कुठल्याही संपादकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आमच्या वृत्तकक्षांत अशा वस्त्यांतून आलेली माणसं किती होती, हे आठवलं तर या मुलीचं मोल कळतं. या पुस्तकातले सर्वांत जिवंत लेख याच मुलामुलींचे आहेत.

आणि परदेशी गेलेल्यांनाही यातून मिळालंच. ई-पेपर पहाटे पाचच्या सुमारास चढतो, तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. पुण्यात आईच्या दारात पेपर पडण्याआधी मुलाचा तिकडे उद्याचा अंक वाचून झालेला असतो आणि तो फोनवर तिलाच बातम्या सांगतो. पूर्वी हाच मुलगा महिन्याभराच्या शिळ्या अंकांच्या पार्सलची वाट बघायचा.

आता डेस्ककडे येते. वृत्तकक्षात एक दिवस भिंतीवर मोठा पडदा लागला. कुठली बातमी या क्षणी किती जण वाचताहेत, किती सेकंद थांबले, कुठून आले, सगळं त्यावर. आम्ही तोवर वाचकाला कधी पाहिलंच नव्हतं. पत्रं यायची, चुकलं तर फोन यायचा, बाकी सगळा अंदाज. म्हणून पहिले काही दिवस तो पडदा बघताना मला खरंच आनंद झाला. वाचक आहे, तो इथे आहे, आत्ता वाचतो आहे! नंतर मात्र सगळ्या माना कायमच्या तिकडे वळल्या. मथळे बदलू लागले. 'अमुक गावात विहीर खचून दोघांचा मृत्यू' हा मथळा पडद्यावर खाली सरकला की कुणीतरी म्हणायचं, गाव काढा, आकडा काढा, 'विहिरीत नेमकं काय घडलं?' असं करा. गावाचं नाव आत, तिसऱ्या परिच्छेदात. ज्या गावची माणसं गेली त्या गावाचं नाव मथळ्यातून काढायला मीही हात लावला आहे, आणि ते मला अजून बोचतं.

त्याच दिवसांत एका दुष्काळी तालुक्यातल्या बातमीदाराने टँकरची बातमी केली. पाणी भरण्याच्या ठिकाणी तो तीन दिवस बसला. किती टँकर आले, कधी आले, त्यांचे नंबर काय, सगळं वहीत उतरवलं. मग पंचायत समितीतून फेऱ्यांची नोंद मिळवली आणि दोन्ही ताडून पाहिलं. कागदावर ज्या फेऱ्या होत्या त्यातल्या कितीतरी झालेल्याच नव्हत्या. बातमी छापली, वेबवर चढवली. पडद्यावर ती दिवसभरात कधी पहिल्या विसांतही आली नाही. एका नटीच्या लग्नातल्या साडीची बातमी तिच्या कितीतरी पट वर. संध्याकाळच्या बैठकीत आकडे वाचले गेले आणि टँकरच्या बातमीवर कोणी एक शब्द बोललं नाही. पुढच्या आठवड्यात बातमीदाराचा फोन आला. वस्तीवर टँकर रोज यायला लागला होता, आणि बायका हंडे रांगेत लावून निवांत बसल्या होत्या. त्या बायकांनी बातमी वाचली नव्हती. वाचली होती ती त्या तालुक्यातल्या सात-आठ अधिकाऱ्यांनी. बातमीचा परिणाम मोजायचा तर त्या सात-आठ वाचकांत मोजायला हवा होता. त्या पडद्यावर असलं माप नव्हतं, आणि आजही कुठल्याच पडद्यावर ते नाही.

पैशांचं गणित मी थोडक्यात सांगते, पुस्तकात त्यावर नीट लिहिलेलं आहे. पेपरची किंमत कागदाचाही खर्च भागवत नाही. तो भागतो जाहिरातींवर. वधू-वर, घर भाड्याने, जुनी गाडी, नोकरी या छोट्या जाहिराती अ‍ॅपवर गेल्या. निधनाची बातमी आता फोटोला हार घालून ग्रुपवर फिरते. मोठ्या जाहिरातींतला वाटा गूगल आणि फेसबुककडे वळला. बातमी आमची, ती वाचताना शेजारी दिसणारी जाहिरात त्यांची. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कायदा करून या कंपन्यांना वृत्तसंस्थांशी सौदा करायला लावलं. कॅनडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला, तेव्हा मेटाने तिथल्या फेसबुकवरून बातम्याच बंद केल्या. बातम्या बंद झाल्या त्याच महिन्यात तिथे उत्तरेकडे वणवे पेटले होते, गावं रिकामी होत होती, आणि लोकांना फेसबुकवर बातमीचा दुवा एकमेकांना पाठवता येत नव्हता. बातमीचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असला की तो कधीही बंद होऊ शकतो, याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

हे सगळं शेवटी येऊन आदळतं ते तालुक्याच्या बातमीदारावर. त्याला पगार नसतो. तुटपुंजं मानधन असतं आणि जाहिरातीवर कमिशन असतं. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात मागायची, त्याच पुढाऱ्याच्या वाळूच्या धंद्याची बातमी द्यायची. पंधरा ऑगस्टला जाहिरातींचं टार्गेट, दिवाळीला टार्गेट. आता त्याच्याकडून बातमीसोबत फोटो, व्हिडिओ आणि लाइव्हही हवं असतं, तेही त्याच मानधनात. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या प्रकल्पाशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. ज्याच्याविषयी ती बातमी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. जागेवर जाणाऱ्या माणसाची किंमत कधी कधी एवढी असते.

आता राईनपाडा. या पुस्तकाची कल्पना ज्या चर्चेतून निघाली, ती चर्चा राईनपाड्यावरच होती. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात फोनवरून फिरत होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या हंगामात देशात ठिकठिकाणी असंच झालं. तेव्हा भारतभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून देणारा भाग कापला आणि उरलेली 'आपल्या भागातली घटना' म्हणून पाठवली.

ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांना मी मनात कितीदा तरी समोर बसवून पाहिलं आहे. त्यातला एकही खोटं पसरवावं म्हणून पसरवत नव्हता. कुणाची भाची शाळेत जाते, कुणाचा नातू अंगणात खेळतो. 'काळजी घ्या' एवढंच त्यांना सांगायचं होतं. काळजीपोटीच ती अफवा पसरत गेली. आणि एवढ्या हजारो माणसांच्या साखळीत जागेवर गेलेला एकही माणूस नव्हता. कुठलं मूल, कुठल्या गावचं, तक्रार कोणत्या ठाण्यात, हे विचारणं ज्याचं काम आहे असं कोणी त्या साखळीत नव्हतंच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि अफवांपासून सावध राहा असं लोकांना सांगायला त्या कंपनीने जागा घेतली ती छापील वृत्तपत्रांच्या पूर्ण पानांवर.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत, आणि १८ एप्रिलला राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी आणली. कागदावरून विषाणू येतो या भीतीने लोकांनी स्वतःहूनही पेपर बंद केले. तेव्हा दैनिकांनी पीडीएफ काढून ग्रुपांवर सोडली. आम्हाला वाचकांपर्यंत पोचायचं होतं, दुसरा मार्ग नव्हता. पण पेपर रोज सकाळी फोनवर फुकट येतो ही सवय त्या महिन्यांत लागली ती लागलीच. चाळीस-चाळीस वर्षं लाइन टाकणाऱ्या विक्रेत्यांची निम्मी घरं परत आलीच नाहीत. या पुस्तकातल्या एका विक्रेत्याने आपल्या वहीतली खोडलेली नावं मोजून लिहिली आहेत. तो लेख दोन पानांचा आहे. मला तो वाचून झाल्यावर बराच वेळ दुसरं काही वाचवलं नाही.

कायद्याचा भाग मराठी वाचकाच्या फार जवळचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या अटकेने देशभर जो संताप उसळला त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान मिळालं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सरकारविषयीची कुठली माहिती खोटी, हे ठरवणारा सरकारचाच कक्ष नेमण्याची तरतूद केंद्राने केली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली. खोटी बातमी हा खरा आजार आहे. पण औषध देण्याचा अधिकार ज्याच्याविषयी बातमी आहे त्याच्याच हाती देता येणार नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आणि आता लिहिणारी, बोलणारी यंत्रं आली आहेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी विरोधी पक्षांतल्या दोन नेत्यांच्या आवाजाच्या म्हणून ध्वनिफिती फिरल्या. तपासणाऱ्यांना त्यातल्या काही यंत्राने बनवल्याची दाट शक्यता आढळली, पण तो निष्कर्ष लोकांपर्यंत पोचेतो मतदान येऊन ठेपलं होतं. आवाज ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवायचा, ही आपली हजारो वर्षांची सवय आता उपयोगाची राहिलेली नाही. दुसरीकडे, प्रश्न विचारला की शोधयंत्र स्वतःच चार ओळींत उत्तर देतं. वाचक तिथेच थांबतो, बातमी लिहिणाऱ्याच्या पानापर्यंत येतच नाही. ते उत्तर कुठून येतं? कुणीतरी जागेवर जाऊन लिहिलेल्या मजकुरातून. टँकर मोजायला यंत्र जात नाही. मोजणारा माणूस नसेल तर त्या तालुक्याबद्दल यंत्रालाही काही सांगता येणार नाही, किंवा ते सरकारी नोंदीतल्या फेऱ्या खऱ्या म्हणून सांगेल. मला जास्त भीती या दुसऱ्या शक्यतेची वाटते.

पुस्तकातले काही लेखक छापील पेपराचे दिवस संपले असं मानतात, काहींना ते परत येतील अशी आशा आहे. मला त्या वादात रस नाही. बातमी कागदावर यावी की काचेवर, हे वाचकाने ठरवावं. मला एवढंच हवं आहे की बातमीच्या मुळाशी एक माणूस असावा, त्याचं नाव असावं, आणि त्याच्या पेट्रोलचे पैसे जाहिरात देणाऱ्या पुढाऱ्याकडून न येता वाचकाकडून यावेत. महिन्याला एका चहाच्या खर्चात हे होऊ शकतं. मराठी वाचकाने दिवाळी अंकांसाठी शंभराहून अधिक वर्षं खिशात हात घातला आहे. बातमीसाठी तो घालणारच नाही, असं मी मानत नाही. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या तालुक्याचा बातमीदार कोण आहे, त्याचं नाव माहीत करून घ्या. पुढची चित्रफीत आली की ती पाठवणाऱ्याला, मग तो सख्खा भाऊ का असेना, आमच्या वृत्तसंपादकांचा तो प्रश्न विचारा.

टँकर मोजणारा बातमीदार या पुस्तकात आहे. आता तो त्या दैनिकात नाही. स्वतःचं चॅनल चालवतो आणि अजूनही वहीतच आकडे लिहितो. पुस्तकातला तिसरा लेख त्याचा आहे. आधी तो वाचा.